पाच राउंड, पाच खोखे : अमेरिकेत गोळ्यांचा दुष्काळ पडला तेव्हाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना जे 'अं... म्हणजे...' होतं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करते. कॉलेजला असताना मी एनसीसीत होते. दहा दिवसांचा कॅम्प, आणि त्यात सगळे ज्या दिवसाची वाट बघायचे तो फायरिंगचा दिवस. पॉइंट टू-टू रायफल, जमिनीवर पालथं झोपायचं, आणि प्रत्येकीला मोजून पाच राउंड. पाचच. नेम लागो न लागो, सहावी गोळी नाही. माझ्या पाच गोळ्या वीसेक सेकंदात संपल्या. उस्ताद म्हणाले, "खोखे जमा करो." खोखा म्हणजे गोळी उडाल्यावर मागे राहते ती रिकामी पितळी पुंगळी. माझ्याकडे चारच निघाले.

मग काय, सगळी रेंज थांबली. मी आणि आणखी चार मुली गुडघ्यांवर बसून गवतात एक पुंगळी शोधतोय. करंगळीच्या अर्ध्या पेराएवढी. ऊन डोक्यावर. पाऊण तासानं ती सापडली, माझ्याच कोपराखाली मातीत दबली होती. उस्तादांनी ती हातात घेतली, फुंकर मारली, डब्यात टाकली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: पाच राउंड, पाच खोखे.

तेव्हा मला हे अतिच वाटलं होतं. एका रिकाम्या पुंगळीसाठी एवढं? त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे गोळ्या किराणा दुकानाच्या शेजारच्या रॅकवर मिळतात त्या अमेरिकेत, नेमकी हीच पॉइंट टू-टूची गोळी मिळेनाशी झाली होती, हे मला फार नंतर कळलं. आजची गोष्ट तिची आहे. जगात सगळ्यात जास्त बंदुका असलेल्या देशात गोळ्या संपतातच कशा? आणि त्याचा आपल्या कोल्हापूरच्या पोरांशी काय संबंध?

आधी ही गोळी काय चीज आहे ते बघू

बीजीएमआय खेळणाऱ्यांना ५.५६ माहीत असते, हिरव्या डब्यातली. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाचे बावीस शतांश, साधारण ५.६ मिलिमीटर. म्हणजे जाडी जवळपास तीच. पण ५.५६ ही लष्करी गोळी, तिच्यामागे दारू खूप जास्त. पॉइंट टू-टू तिची अगदी लहान बहीण. शिशाचं टोक साधारण अडीच ग्रॅमचं, आवाज कमी, धक्का जवळपास नाही. म्हणून जगभर नवशिक्यांच्या हातात हीच देतात.

तिचा जन्मही गमतीशीर आहे. १८४५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये लुई निकोला फ्लोबेर नावाच्या कारागिरानं घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळता यावा म्हणून एक छोटंसं काडतूस बनवलं. म्हणजे हे घराणंच मुळात करमणुकीचं. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं त्यावरून पॉइंट टू-टू शॉर्ट आणली, आणि १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीनं 'लाँग रायफल' नावाचा प्रकार काढला. आज आपण जिला पॉइंट टू-टू म्हणतो ती हीच, जवळपास एकशे चाळीस वर्षांची.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते. घोडा पडला की टोपी पेटते, ती दारू पेटवते. अशी पुंगळी रिकामी झाली की नवी टोपी, नवी दारू, नवं शिसं घालून पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हजारो लोक घरच्या गॅरेजमध्ये हे करतात. पण पॉइंट टू-टूला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या काठात आतून भरलेला असतो. घोडा त्या काठावर आपटतो, काठ चेपतो आणि बार उडतो. एकदा काठ चेपला की पुंगळी भंगारात. घरी पुन्हा भरायची सोय नाही. संपली की कारखान्याकडेच बघायचं.

आणि तो मसाला भरायचं काम साधं नाही. ओला असताना तो शांत असतो, वाळला की नुसत्या घर्षणानं उडतो. म्हणून तो ओलाच भरतात आणि मग काळजीपूर्वक वाळवतात. इथे घाई करून चालत नाही. जुन्या कारखान्यांत वर्षानुवर्षं तेच काम करणारी माणसं असतात, आणि 'उद्यापासून दुप्पट माल काढा' म्हटलं तर नवी माणसं त्या खोलीत उभी करता येत नाहीत. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. दारूगोळ्याच्या कारखान्यातली प्रत्येक खबरदारी अशा कुठल्या ना कुठल्या दिवसानंतर लिहिली गेलेली असते.

पहिला दुष्काळ: युद्धाचा

खेळासाठीच्या गोळ्या संपण्याचं सगळ्यात सरळ कारण म्हणजे युद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. विंचेस्टर, रेमिंग्टन या ज्या कंपन्या शिकारी आणि खेळाडूंसाठी काडतुसं बनवायच्या, त्यांच्या यंत्रांवर आता सैन्याचा माल निघू लागला. मिसूरी राज्यात इंडिपेंडन्स गावाजवळ 'लेक सिटी' नावाचा प्रचंड सरकारी कारखाना १९४१ मध्येच सुरू झाला होता, तोही रेमिंग्टननं चालवला. बाजारातल्या सामान्य गिऱ्हाइकासाठी गोळ्या जवळपास मिळेनाशा झाल्या.

तांब्याची ओढाताण किती होती बघा. पुंगळ्या पितळेच्या, पितळात तांबं. तांबं वाचवायला अमेरिकेनं १९४३ मध्ये एक सेंटचं नाणंसुद्धा पोलादाचं काढलं. आज ते पांढरं नाणं नाण्यांचे शौकीन जपून ठेवतात.

त्या टंचाईबद्दल लोकांची कुरकुर नव्हती असं नाही. पण कारण डोळ्यांसमोर होतं. गोळ्या कुठे जातायत ते सगळ्यांना माहीत होतं. युद्ध संपलं, यंत्रं परत जुन्या कामाला लागली, रॅक भरले. पुढच्या टंचाया अशा नव्हत्या. त्यांत युद्ध नव्हतं, कारखाने चालू होते, माल निघत होता. आणि तरी रॅक रिकामे.

दुसरा दुष्काळ: भीतीचा

१४ डिसेंबर २०१२. कनेटिकट राज्यातल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणानं गोळीबार केला. वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. सहा-सात वर्षांची मुलं होती ती. मी हा परिच्छेद रेकॉर्ड करताना दोनदा थांबले. या एपिसोडमध्ये मी गोळ्यांच्या भावाबद्दल बोलतेय, पण तो भाव का चढला याचं उत्तर त्या शाळेच्या दारातून जातं, म्हणून ते टाळता येणार नाही.

देश हादरला. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जानेवारी २०१३ मध्ये बंदुकांवरचे नियम कडक करण्याचे प्रस्ताव मांडले. आणि दुकानांत रांगा लागल्या. लोकांना भीती वाटली ती पुढच्या गोळीबाराची कमी आणि पुढच्या कायद्याची जास्त. 'उद्या मिळणार नाही, आजच घेऊन ठेवा.' बंदूक विकत घेताना अमेरिकेत एफबीआयच्या यंत्रणेतून पूर्वइतिहास तपासतात. एकट्या डिसेंबर २०१२ मध्ये अशा सुमारे २७ लाख ८० हजार तपासण्या झाल्या. एक तपासणी म्हणजे एक बंदूक असं गणित नसतं, पण लाट केवढी होती ते कळतं. २००८ मध्ये ओबामा पहिल्यांदा निवडून आले तेव्हाही अशी लाट आली होती. ही तिच्याहून मोठी.

बंदूक घेतली की गोळ्या आल्याच. आणि इथे पॉइंट टू-टू सापडली. त्याआधी पाचशे-सव्वापाचशे गोळ्यांचा मोठा खोका वीस डॉलरच्या आसपास मिळायचा. म्हणजे एक गोळी चार सेंटला, तेव्हाच्या हिशेबानं दोन-सव्वादोन रुपये. शेंगदाण्यासारख्या उडवायच्या. बाप आणि मुलगी रविवारी रेंजवर जाऊन दुपारभर टिनचे डबे पाडायची, खर्च पिझ्झ्यापेक्षा कमी. त्या गोळ्या २०१३ मध्ये दुकानातून गायब झाल्या, आणि प्रदर्शनांत, ऑनलाइन लिलावात दुप्पट-तिप्पट भावानं दिसायला लागल्या. मोठ्या दुकानांनी 'एका माणसाला दिवसाला तीनच खोके' असे फलक लावले. मग काय झालं असेल? दुकान उघडायच्या आधीच रांग. ज्यांना रोज सकाळी वेळ आहे ते तीन खोके घेणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन, आणि शनिवार-रविवारी चढ्या भावानं विकणार. नोकरी करणारा माणूस संध्याकाळी सहाला पोचतो तेव्हा रॅकवर नुसती किमतीची चिठ्ठी.

तुमच्यापैकी काहींना नोव्हेंबर २०१६ आठवत असेल. नोटबंदीचा आठवडा, आणि कुठून तरी अफवा उठली की मीठ संपणार. दिल्ली, उत्तर प्रदेशापासून मुंबईपर्यंत लोक मिठाच्या पिशव्यांवर तुटून पडले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ संपणार! पण त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ खरंच संपलं होतं. अफवा खोटी, टंचाई खरी. अमेरिकेतल्या गोळ्यांचं तेच झालं. कमी पडणार म्हणून सगळ्यांनी घेतल्या, आणि सगळ्यांनी घेतल्या म्हणून कमी पडल्या.

अफवांचं पीक

रॅक रिकामा दिसला की माणसाला खलनायक हवा असतो. पहिली अफवा: सरकारच सगळ्या गोळ्या विकत घेतंय, म्हणजे जनतेला मिळू नयेत. अंतर्गत सुरक्षा खात्यानं १६० कोटी गोळ्या घेतल्या असा आकडा फिरत होता. मुळात ते काही वर्षांचे 'जास्तीत जास्त इतक्या' अशा स्वरूपाचे करार होते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं की २००९ नंतर त्या खात्याची गोळ्यांची वार्षिक खरेदी उलट कमी होत गेली होती.

दुसरी अफवा: शिसं संपलं. याला थोडा आधार होता. मिसूरीतल्या हर्क्युलेनियम गावचा खनिजापासून शिसं वितळवणारा मोठा कारखाना डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाला, तशा प्रकारचा देशातला शेवटचा. लगेच ओरड झाली की हा गोळ्यांवर मागच्या दारानं घातलेला घाव. पण अमेरिकेत वापरलं जाणारं बरंचसं शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळतं, आणि गोळ्यांचे कारखाने तेही घेतात. त्या कारखान्याला टाळं लागण्याआधी वर्षभर रॅक रिकामेच होते.

मग एक प्रश्न पडतो. नक्की कोणी किती घेतल्या, हे कुणालाच माहीत नव्हतं? नव्हतं. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं दुकानदाराला गोळ्यांच्या विक्रीची नोंद ठेवायला लावली होती. १९८६ मध्ये नवा कायदा आला आणि देशपातळीवर ती अट गेली. म्हणजे रजिस्टरच नाही. माझ्या त्या एका पुंगळीचा हिशेब रजिस्टरमध्ये आहे, आणि तिकडे अब्जावधी गोळ्या कुणाच्या तळघरात गेल्या त्याचा पत्ता नाही. जिथे नोंद नसते तिथे अफवा चांगली पोसते.

आणि गंमत बघा. ज्या कायद्याच्या भीतीनं हे सगळं झालं, तो आलाच नाही. खरेदीदाराच्या तपासणीची व्याप्ती वाढवण्याचा साधा प्रस्तावसुद्धा १७ एप्रिल २०१३ ला सिनेटमध्ये अडला. ५४ मतं बाजूनं पडली, लागत होती ६०. कायदा आला नाही, तरी पॉइंट टू-टू पुढची दोनेक वर्षं धड मिळत नव्हती. भीतीला कारण संपल्याचं कळायला वेळ लागतो.

मग कंपन्यांनी नवे कारखाने का नाही काढले?

हा प्रश्न मला माझ्या भावानं विचारला. तो धंद्यातला माणूस. "एवढी मागणी असताना कुणी गप्प बसेल का गं?"

याचं उत्तर पुढच्या काही वर्षांत आहे. कंपन्यांनी पाळ्या वाढवल्या, यंत्रं चोवीस तास चालवली. पण नवी इमारत, नवी यंत्रं, प्रशिक्षित माणसं यांत काही वर्षं जातात, आणि मागणी भीतीची असेल तर ती कधी ओसरेल ते सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. बंदूक समर्थकांना वाटलं, आता चिंता मिटली. आणि खरेदी धपकन खाली आली! तळघरं भरलेलीच होती. दोनशे वर्षांची परंपरा सांगणारी रेमिंग्टन कंपनी, आधीच कर्जात बुडालेली, मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

यातून सावरते तोवर २०२० उजाडलं. कोरोना, टाळेबंदी, मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरची निदर्शनं, आणि वर्षाच्या शेवटी निवडणूक. वर्षभरात एफबीआयकडे जवळपास ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या. आदल्या वर्षी २ कोटी ८४ लाख होत्या. बंदूक व्यवसायाच्या संघटनेचा अंदाज होता की त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. आता साधं गणित करा. प्रत्येकानं पन्नास गोळ्यांचे फक्त दोन खोके घेतले तरी ८४ कोटी गोळ्या. आणि हे नुसते नवे लोक. जुने तर आधीच्या अनुभवानं शहाणे, म्हणजे आणखी घाबरलेले.

पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी आधी वीस सेंटच्या आसपास मिळायची, ती साठ-सत्तर सेंटच्या पुढे गेली. आणि नेमक्या त्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, रेमिंग्टन दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. सगळा देश गोळ्या शोधतोय आणि गोळ्या बनवणाऱ्या सर्वांत जुन्या नावांपैकी एकाचा कारखाना अडकलेला. आर्कन्सामधला तो कारखाना शेवटी व्हिस्टा आउटडोअर कंपनीनं विकत घेतला आणि पुन्हा चालू केला. भावाला मी एवढंच म्हटलं: तू घातले असतेस का पैसे? तो काही बोलला नाही.

त्यानंतर आणखी दोन धक्के बसले. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेनं रशियन गोळ्यांच्या नव्या आयात परवान्यांना बंदी केली. कारण होतं रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरचा विषप्रयोग. स्वस्तातल्या गोळ्यांचा मोठा ओघ त्यामुळे आटत गेला. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. तोफांच्या दारूला नायट्रोसेल्युलोज लागतं, आणि ते बनतं कापसापासून. सरकी पिळायच्या आधी तिला जे बारीक तंतू चिकटलेले असतात ना, ते. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या मंडळींना मी काय सांगते ते लगेच कळेल. तोच कच्चा माल खेळाच्या गोळ्यांनाही लागतो. सैन्य दारात उभं राहिलं की खेळाडू रांगेत मागे जातो. १९४२ मध्येही हेच झालं होतं.

आता कोल्हापूर

आपल्याकडे या खेळाला मराठी माणसाचा हात पहिल्यापासून आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही होते, आणि राष्ट्रीय पातळीवर पोचण्याचा अनेकांचा रस्ता तिच्यातून जातो. दारूगोळ्याचे कारखानेही आपल्या घरचे. पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ चा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ चा.

पण जागतिक स्पर्धेतली पॉइंट टू-टूची गोळी बाहेरून येते. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, आणि फिनलंडच्या नावाची पण जर्मनीत बनणारी लापुआ. कारण इथे फरक केसाचा असतो. पन्नास मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. नेमबाज आपल्या रायफलीत वेगवेगळ्या खेपांच्या गोळ्या झाडून बघतात, आणि जी खेप सगळ्यात जवळजवळ बसते तीच विकत घेतात. टंचाईत ही चैन पहिली जाते. जी मिळेल ती खेप घ्या.

२०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीसमोर आई देवाला हात जोडून बसली होती, तिला थ्री पोझिशन म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत स्वप्नीलच्या वडिलांबद्दल छापून आलं. शिक्षक माणूस, मुलाच्या सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं.

गोळ्यांसाठी कर्ज. बूट नाही, रायफल नाही, फी नाही. जी वस्तू एका सेकंदात धूर होऊन जाते तिच्यासाठी.

प्राथमिक फेरीत साठ गोळ्या मोजल्या जातात, त्याआधी सरावाच्या वेगळ्या. अशी एक फेरी म्हणजे एक दिवस. असे वर्षातले दिवस मोजा. परवान्यावर किती गोळ्या ते ठरलेलं, आयातीचे नियम वेगळे, वर डॉलर आणि युरोचा भाव. म्हणून आपल्याकडचे बहुतेक नेमबाज एअर रायफलपासून सुरू करतात, तिला दारू लागत नाही, छर्ऱ्यांचा डबा परवडतो. आणि ज्यांच्या हातात पॉइंट टू-टू आहे ते तासन्‌तास 'ड्राय' सराव करतात. गोळी न भरता उभं राहायचं, नेम धरायचा, श्वास रोखायचा, घोडा दाबायचा. टक्‌. पुन्हा. गावातल्या खोलीत भिंतीवर ठिपका काढून.

अमेरिकेतल्या टंचाईत तिकडच्या ज्युनियर क्लबांनीही हेच केलं असं वाचलं. मुलांना मोजून गोळ्या देणं, एअर रायफलकडे वळणं, बिनगोळीचा सराव. कारण साठा करणाऱ्याचं काही अडत नव्हतं. त्याचं तळघर भरलेलं होतं. अडलं ते पहिल्यांदा रायफल हातात घेतलेल्या पोरीचं, जिच्या बापानं तळघर भरलं नव्हतं. कुठलीही वस्तू भीतीनं संपते तेव्हा ती संपते गरजूंसाठीच. मीठ असो, रेमडेसिव्हिर असो, गोळी असो.

मला कुणी विचारेल, 'म्हणजे गोळ्या स्वस्त आणि भरपूर असाव्यात असं म्हणतेस?' नाही, तेवढं सोपं नाही ते. सँडी हुक विसरून मी हे बोलू शकत नाही. प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवणारा आमचा उस्ताद मला आज जास्त शहाणा वाटतो. पण हिशेब ठेवणं वेगळं आणि मुलाच्या सरावासाठी शिक्षकाला कर्ज काढायला लागणं वेगळं. पहिलं आपण नीट करतो, ते टिकवू या. दुसरं खेळाच्या बजेटमध्ये सुटण्यासारखं आहे. पदक आल्यावर द्यायच्या कोट्यवधींच्या बक्षिसातला थोडा भाग आधी, कोवळ्या वयात, गोळ्यांच्या खोक्यांच्या रूपात दिला तरी पुष्कळ.

त्या कॅम्पमधलं माझं टार्गेट अजून माझ्याकडे आहे. पिवळा पडलेला कागद, पाचपैकी तीन भोकं. बाकीच्या दोन गोळ्या कुठे गेल्या ते देवाला माहीत. पण पाचही पुंगळ्या परत गेल्या, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

तुमच्यापैकी कुणी एनसीसीत फायरिंग केलं असेल, किंवा तुमच्या तालुक्यात नेमबाजीचा सराव करणारं कुणी असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. गोळ्या कशा मिळतात, किती मिळतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि कुणी 'अमुक संपणार' म्हणून फॉरवर्ड पाठवला तर दुकानाकडे पळायच्या आधी एक मिनिट थांबा.